नकाशा मोबाइलवर आला, वस्तीच्या हातात कधी येणार?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तीन मजल्यांच्या चाळीतून चाळीस मजली इमारतीत ही कुटुंबे गेली. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांना स्वतःचे न्हाणीघर आणि शौचालय मिळाले, याचा आनंद मानायलाच हवा. या चाळींमध्ये आपला समाज मोठ्या संख्येने आहे. तेव्हा हा आनंद आपलाही आहे.

आता थोडे मागे जाऊन पाहू. कोणाला कोणत्या मजल्यावरचे घर, हे म्हाडाच्या संगणकीय सोडतीने ठरते. त्यात वशिला चालत नाही असे सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण सोडतीत नाव जाण्याआधी ते पात्रता यादीत असावे लागते. पात्रता यादी सर्वेक्षणावरून बनते. सर्वेक्षण कोणत्या अटींवर करायचे हे नियमावली ठरवते आणि नियमावली विकास आराखड्यासोबत येते. म्हणजे संगणकाचे बटण दाबले जाते ते सगळ्यात शेवटी. कोण राहणार, कोण जाणार, हे त्याच्या बरेच आधी कागदावर ठरलेले असते.

आज हे सगळे कागद कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर आहेत. विकास आराखडा आहे, नियमावली आहे, सूचना आहेत, सोडतीचे अर्ज आहेत. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, दादर, वरळीतल्या जवळपास प्रत्येक घरात स्मार्टफोनही आहे. तरीही वस्तीला आपल्या जागेबद्दलचा निर्णय कळतो तो बहुतेक वेळा दारावर नोटीस लागल्यावर. असे का होते आणि आपल्या तरुणांनी त्यात काय करायचे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

आखणारे वेगळे, राहणारे वेगळे

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. तिच्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे आणि हटवलेल्यांपैकी काहींसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम होते. परळच्या पोयबावाडीतील बीआयटी चाळ याच ट्रस्टची. तिथल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. ज्या माणसाने पुढे देशाची राज्यघटना घडवली, त्याच्या खोलीचे माप ठरवताना त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, सुरू झाले. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी या खात्याने उभ्या केल्या. काँक्रीटच्या भिंती, प्रत्येक मजल्यावर सामाईक शौचालये आणि एका कुटुंबाला एक खोली. या चाळींतली वस्तीही जातीच्या रेषांवर बसली. अमुक चाळी दलितांच्या, अमुक सवर्णांच्या, अशी ओळख कायम राहिली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, तेव्हा कोणत्या चाळीवर दगड टाकायचे हे कोणाला विचारावे लागले नाही. १० जानेवारी १९७४ रोजी परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ही गोष्ट आपल्या तरुणांना माहीत आहे. तिच्यामागे शहराची रचनाही होती, एवढेच इथे लक्षात घ्यायचे आहे.

गिरणीतही तेच होते. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. जास्त पगाराचे साचेखाते सवर्णांचे आणि कमी पगाराचे रिंगखाते आपले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामाची जागा, राहण्याची जागा आणि जात या तीन गोष्टी या शहरात कायम एकमेकींत गुंतलेल्या राहिल्या. तेव्हा नगररचना हा इंजिनीअर आणि बिल्डरांचा विषय आहे, आपला नाही, असे मानणे आपल्याला परवडणारे नाही.

लोकांनी वाचले तर आराखडाही बदलतो

मुंबई महानगरपालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. हरकती व सूचनांसाठी ६० दिवस होते. नकाशे संकेतस्थळावर असल्यामुळे लोकांनी आपापला विभाग उघडून पाहिला. कुठे उभ्या इमारतीतून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तूची नोंदच नाही, कुठे जुनी वस्ती मोकळी जागा असल्यासारखी दाखवलेली. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. त्या रेट्यामुळे एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना मसुदा दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नवी नियमावली लागू झाली.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कागद उघड्यावर ठेवला आणि लोकांनी तो वाचला तर सरकारलाही मागे जावे लागते. तंत्रज्ञानाने हे शक्य केले हे मान्य करायला हरकत नाही. पूर्वी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला नकाशा बघायला अर्धा दिवस मोडावा लागे आणि बघून फारसे काही कळत नसे.

दुसरी गोष्ट जरा बोचणारी आहे. वाचण्याची साधने सगळ्यांकडे सारखी नव्हती. ज्यांच्याकडे आर्किटेक्ट, वकील आणि इंग्रजी होते, त्यांना हरकत लिहिणे सोपे होते. काही संस्था आणि मोहिमांनी वस्त्यांमध्ये जाऊन नकाशे समजावले, हे त्यांचे मोठे काम. पण आपल्या किती विहारांत, किती मंडळांत तो नकाशा भिंतीवर लावून त्यावर चर्चा झाली? आपण बुद्धपौर्णिमेचा, १४ एप्रिलचा, ६ डिसेंबरचा कार्यक्रम शिस्तीने करतो. त्याच शिस्तीने साठ दिवसांत आपल्या वस्तीची हरकत नोंदवणे आपल्याला जमले असते.

आराखडा मंजूर झाला म्हणजे काम संपले असेही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. शाळेचे आरक्षण हलवायचे, मैदानाचा वापर बदलायचा, नियमावलीतले एखादे वाक्य बदलायचे, तर सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी महिनाभराची मुदत असते. अशा सूचना एकेक करून येतात. त्यांची मोठी बातमी होत नाही आणि महिना कधी संपला ते कळतही नाही.

त्यात मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शहर प्रशासकाच्या हातात होते. जवळपास चार वर्षे २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. पूर्वी निदान नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन विचारता येत असे. त्या चार वर्षांत सामान्य माणसाकडे उरले ते संकेतस्थळ, ॲप आणि तक्रारीचा नंबर. तक्रार क्रमांकाने पडलेला खड्डा बुजवून मिळू शकतो. आरक्षण का बदलले, याचे उत्तर तक्रार क्रमांक देत नाही.

एकेकटा अर्जदार

ऑनलाइन व्यवस्थेचा सर्वात मोठा परिणाम कोणता? ती प्रत्येकाला एकेकटा अर्जदार बनवते. चाळीचा प्रश्न पूर्वी चाळीचा असे. समिती बसे, सभा होई, निवेदन जाई. आता प्रत्येक घराचा वेगळा लॉगिन, वेगळा ओटीपी आणि वेगळा अर्ज. शेजाऱ्याचा अर्ज कशामुळे अडला हे आपल्याला कळत नाही आणि आपला कशामुळे अडला हे त्याला.

गिरणी कामगारांचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. घरांसाठी कामगारांनी आणि वारसांनी वर्षानुवर्षे लढा दिला. १४ सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने १ लाख ५० हजार ४८४ कामगार व वारसांची पात्रता ठरवण्याची मोहीम सुरू केली. कागदपत्रे प्रत्यक्ष केंद्रावर देता येत होती, तशीच संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवरही भरता येत होती. सोय चांगलीच होती. पण कागद कोणते? गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, सेवेचा दाखला, भविष्य निर्वाह निधीचा किंवा ईएसआयचा क्रमांक. ज्याची नोकरी कायम, त्याच्या घरी हे कागद मिळण्याची शक्यता जास्त. जो वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहिला, त्याच्या नातवाने ॲपवर काय चढवायचे?

याच लढ्यातले दुसरे उदाहरण मात्र उमेद देणारे आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १७ क्रमांकाचे एक कलम होते. शेलू, वांगणीसारख्या ठिकाणी देऊ केलेले घर नाकारले तर घराचा हक्कच जाईल, असा त्याचा अर्थ होता. हा शासन निर्णयही संकेतस्थळावरच होता. कामगार संघटनांनी तो ओळ न ओळ वाचला, कलम १७ चा अर्थ सभांमधून सांगितला आणि ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात कामगार व वारस जमले. ते कलम मागे घेण्याची भूमिका सरकारला घ्यावी लागली. कलम वाचले गेले नसते तर मैदानही भरले नसते.

नावातला फरक

आपल्या समाजापुढे या ऑनलाइन व्यवस्थेत एक खास अडचण आहे आणि तिच्यावर फारशी चर्चा होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर अनेक कुटुंबांनी जात दाखवणारी, हिणवणारी नावे टाकली. आडनावे बदलली. मुलांची नावे बौद्ध परंपरेतून ठेवली. ही स्वाभिमानाची कृती होती. पण आजोबांच्या गिरणीच्या तिकिटावर एक नाव, खोलीच्या भाडेपावतीवर दुसरे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि नातवाच्या आधार कार्डावर चौथे, असे अनेक घरांत दिसते. समोर बसलेल्या कारकुनाला हे समजावून सांगता येत असे, तोही ऐकला तर. ऑनलाइन अर्जाला समजावता येत नाही. नाव जुळले नाही की अर्ज अडतो.

तीच गत जातीच्या दाखल्याची. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तरीही अनेक घरांत एका भावाच्या दाखल्यावर एक नोंद आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर वेगळी नोंद असते. २०२३ पासून म्हाडाची सोडत पूर्ण ऑनलाइन झाली आहे आणि आधार, पॅन, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला ही कागदपत्रे सोडतीनंतर नव्हे तर अर्ज करतानाच लागतात. यामुळे निकालानंतरचे हेलपाटे आणि दलाली कमी झाली, हे खरे. पण कागद तयार नसेल तर माणूस सोडतीपर्यंतही पोहोचत नाही. तो नाकारला गेला अशी नोंद कुठेच होत नाही, कारण त्याने अर्जच केलेला नसतो.

आणि कागद तयार असला तरी किंमत आहेच. अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख रुपये आहे. २०२३ च्या सोडतीत ताडदेवमधल्या काही घरांची किंमत सात कोटींच्या वर होती. ती घरे अर्थातच वरच्या उत्पन्न गटासाठी होती. पण दक्षिण आणि मध्य मुंबईत जन्मलेल्या मुलाला तिथेच घर घ्यायचे असेल तर सोडत त्याच्यासमोर काय ठेवते, ते यावरून कळते. म्हणूनच जी चाळ, जी खोली आज हातात आहे, तिच्या पुनर्विकासाचा कागद बारकाईने वाचणे आपल्या समाजासाठी सोडतीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

विकत घेणाऱ्याला दिसते, राहणाऱ्याला नाही

१ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. घर विकत घेणारा माणूस आज मोबाइलवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजुऱ्या, बांधकामाची प्रगती, न्यायालयीन वाद आणि पूर्णत्वाची तारीख पाहू शकतो. ही मोठी सुधारणा आहे. पण ही नोंदणी विक्रीसाठीच्या घरांभोवती उभी आहे. त्याच भूखंडावर, त्याच बिल्डरच्या प्रकल्पात, मूळ भाडेकरूंच्या पुनर्वसनाची इमारत किती झाली हे मूळ रहिवाशाला त्याच सहजतेने कळत नाही. त्याला फिरावे लागते. समितीच्या अध्यक्षाकडे, बिल्डरच्या कार्यालयात, म्हाडात.

लालबाग-परळमध्ये किंवा गिरगावात पुनर्विकास रखडला की भाडे थांबते आणि माणसे विरार, बदलापूर, पनवेलकडे सरकत जातात. मोकळ्या जमिनीची किंमत वाढत राहते, मूळ रहिवाशाचा धीर मात्र संपत जातो. मालकाला, बिल्डरला आणि खरेदीदाराला एका क्लिकवर जे दिसते तेच भाडेकरूलाही दिसले पाहिजे. पुनर्वसन इमारतीची प्रगती, भाडे भरल्याची नोंद आणि ताबा देण्याची तारीख एकाच संकेतस्थळावर मराठीत असावी, ही मागणी साधी आहे आणि तंत्रज्ञानाच्या दृष्टीने तिच्यात अवघड काहीच नाही.

वस्तीची माहिती कोणाची?

दादरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या धारावीत मार्च २०२४ पासून घरोघरी सर्वेक्षण सुरू झाले. ड्रोन आणि लिडार यंत्रांनी गल्ल्यांचे मोजमाप, प्रत्येक झोपडीला क्रमांक आणि मोबाइल ॲपवर माहिती. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशाला धारावीतच मोफत घर. त्यानंतरच्यांना पैसे भरून, धारावीबाहेर. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी भाड्याच्या किंवा भाडेखरेदीच्या घराची योजना. म्हणजे माणूस किती वर्षे राबला यापेक्षा तो कोणत्या तारखेला आणि कोणत्या मजल्यावर नोंदला गेला, यावर त्याचे शहरातले स्थान ठरणार. बीडीडी चाळींतही सर्वेक्षणाच्या वेळी रहिवाशांनी ‘आधी करार, मग बायोमेट्रिक’ अशी भूमिका घेतली होती. आधी बोटाचे ठसे देऊन मोकळे व्हायचे आणि अटी नंतर वाचायच्या, हा क्रम त्यांनी मानला नाही. ते बरोबरच होते.

या माहितीबाबत एक नवा बदल कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळली जावी हे योग्यच. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावे लागे आणि व्यापक जनहित असेल तर तिथेच ती देता येत असे. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढेच कारण पुढे करता येईल. पात्रता यादीत बोगस नावे घुसली आहेत का, खऱ्या रहिवाशाला कोणत्या कागदावर अपात्र केले, हे तपासण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो. कलम ८(२) अजून शिल्लक आहे. जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी लागते. तेव्हा अर्ज लिहितानाच जनहित काय आहे ते स्पष्ट लिहायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

वस्तीच्या माहितीत फक्त घरे नसतात. विहार, समाजमंदिर, वाचनालय, व्यायामशाळा, जयंतीचा मंडप ज्या चौकात पडतो तो चौक, हेही वस्तीचे असते. अस्तित्वातील भूवापराच्या नकाशावर ते नोंदलेले नसेल तर पुनर्विकासाच्या आराखड्यात ते शोधत बसावे लागते. दादरच्या आंबेडकर भवनाचे आणि बुद्धभूषण प्रेसचे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे ती वास्तू जमीनदोस्त झाली. इमारत धोकादायक असल्याचे कारण पुढे करण्यात आले. बातमी मोबाइलवरून तासाभरात राज्यभर गेली आणि १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. निषेधासाठी आपण तंत्रज्ञान किती वेगाने वापरतो हे त्या दिवशी दिसले. पण कोणतीही वास्तू जमिनीवर पडते त्याआधी ती कागदावर पडलेली असते. तो कागद वाचण्यासाठी हाच मोबाइल वापरायला हवा.

आता काय करायचे?

मोठ्या संघटनेची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक चाळीत, प्रत्येक विहारात चार-पाच शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांनी एवढे केले तरी बराच फरक पडेल.

१. आपल्या जागेचा सी.एस. नंबर शोधा. मुंबई शहर भागात जमिनीचा हाच क्रमांक चालतो. त्यावरून मिळकत पत्रिका आणि महापालिकेचा विकास आराखडा अभिप्राय मिळवा. आपल्या जागेवर कोणते आरक्षण आहे, रस्ता रुंदीकरणाची रेषा कुठून जाते, हे त्यातून कळते. तो कागद छापून विहारात किंवा कार्यालयात लावा.

२. आपला पुनर्विकास कोणत्या नियमाखाली आहे ते विचारा. उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७), समूह पुनर्विकासासाठी ३३(९), झोपडपट्टीसाठी ३३(१०). नियम बदलला की क्षेत्रफळ, संमती आणि हक्क हे सगळे बदलते. समितीने सांगितले म्हणून सही करू नका, नियम वाचून सही करा.

३. नावांची वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक घरात कोणत्या कागदावर कोणते नाव आहे ते लिहून काढा. जिथे फरक आहे तिथे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद, जातीचा आणि अधिवासाचा दाखला ही कामे सर्वेक्षण येण्याआधी उरका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले कार्यकर्ते लाखो लोकांची सोय लावतात. वर्षातून दोन रविवार दाखल्यांचे शिबिर घेणे त्यांना जड नाही.

४. महिन्यातून एकदा सूचना पाहा. महापालिका, म्हाडा आणि नगरविकास विभागाच्या संकेतस्थळांवर नव्या सूचना व शासन निर्णय येतात. ही जबाबदारी एका मुलाला किंवा मुलीला द्या. आपल्या भागाची सूचना दिसली की तिचा सोप्या मराठीत एक परिच्छेद करून वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. जयंतीच्या शुभेच्छांच्या शंभर चित्रांमध्ये तो हरवू नये म्हणून अशा सूचनांसाठी गट वेगळा ठेवा.

५. हरकत एकत्र द्या. ऑनलाइन नोंदवा, पोच क्रमांक जपून ठेवा आणि तीच हरकत सह्यांनिशी कार्यालयात देऊन शिक्का घ्या. सुनावणीला एकट्याने जाऊ नका.

६. ओटीपी कोणालाही देऊ नका. म्हाडाने सोडतीसाठी कोणताही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा स्वतः वारंवार सांगते. ‘मी फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्याच्या मोबाइलवर आपल्या घराचे लॉगिन जाऊ देऊ नका. वस्तीतल्या मुलांनीच ज्येष्ठांचे अर्ज त्यांच्यासमोर बसून भरावेत.

७. मराठी मागा. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत व्हावा यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायदा केला आहे. तरी नियमावली, प्रकल्प अहवाल आणि करारनामे यांतले बरेच अजून इंग्रजीतच हातात पडतात. करार मराठीत मिळेपर्यंत सही नाही, अशी भूमिका सबंध चाळीने घेतली तर ती मोडणे सोपे नसते.

याशिवाय नव्या घरांत गेलेल्यांचेही काही प्रश्न आहेत. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च दर महिन्याला येतो. सुरुवातीची सवलत संपल्यावर तो कोण आणि कसा भरणार? सेवानिवृत्त कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला तो झेपला नाही तर घर विकून बाहेर जाण्याचीच पाळी येते. शिवडीच्या बीडीडी चाळींचा प्रश्न तर अजून लोंबकळतो आहे, कारण ती जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. तिथल्या रहिवाशांना वरळीच्या चाव्यांचे फोटो मोबाइलवर दिसतात. त्यांच्या घराची तारीख मात्र कुठल्याच संकेतस्थळावर नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी चाळीच्या कॉमन पॅसेजमध्ये बसून ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ मोठ्याने वाचून दाखवले. ज्याला अक्षर येत होते त्याने ज्याला येत नव्हते त्याच्यासाठी वाचले. आज सगळ्यांना अक्षर येते, पण नियम, नकाशा आणि यादी वाचणारे थोडे आहेत. ते वाचन पुन्हा सामुदायिक करणे हे आजच्या तरुणांचे काम आहे. हरकतीची मुदत साधारण महिनाभराची असते, तेव्हा सुरुवात याच महिन्यात व्हायला हवी.

जय भीम.